चौदा नंबरचा नर

गेरलिंडचा फोन आला तेव्हा फोल्कमार ल्युटगेन तळघरात माश्या झटकत होता. ओटच्या लापशीवर वाढवलेल्या, पंख असूनही उडता न येणाऱ्या इवल्याशा फळमाश्या; बरणी उपडी धरून बुडावर दोन टपल्या मारल्या की तिळासारख्या जाळीच्या पेटीत सांडायच्या, आणि मग फांदीवरचा घोयरा सरडा आधी एक डोळा वळवायचा, मग सावकाश दुसरा, जणू या सगळ्यात आपल्याला फारसा रस नाही. करंगळीएवढा प्राणी. रंग बदलणाऱ्या घोयऱ्यांमध्ये हा अगदी लहान चणीचा, मादागास्करच्या डोंगरी जंगलातला, नराच्या नाकावर मऊ पानासारखं टोक असलेला. दिसायला भपकेबाज नाही, दुकानात मिळत नाही, जरा उष्मा झाला की मान टाकतो. जर्मनीत तो पाळून त्याची पिल्लं काढणारी माणसं एका बाकावर मावली असती, आणि त्या बाकावर मधोमध आपण बसलो असतो हे फोल्कमारला माहीत होतं. इतरांना ते माहीत आहे ना, याचीही तो अधूनमधून खात्री करून घेई.

"फोल्कमार, मी बोलतेय."

"बोल."

"रविवारी येशील? गाडी घेऊन ये. माझ्याकडचे सगळे घेऊन जा."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. सात आहेत. परवा पाचव्या अंड्यातलंही गेलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू रे, नाकाचं टोकसुद्धा आलेलं. आतल्या आत मेलं. मला नाही आता बघवत."

"ओलावा जास्त झाला असेल," फोल्कमार म्हणाला. हे वाक्य तो म्हणाला असं म्हणणंही जास्त होईल. शिंक यावी तसं ते आलं.

"असेल," ती म्हणाली. "तू अकरा वर्षं सांगतोयस, आणि मला काही ते जमत नाही. माझ्या हाताला यशच नाही. तू पहिल्यापासून म्हणायचास, मीच ऐकलं नाही. रविवारी ये. मसुराचं सूप करते."

फोन बंद झाला. तळघराच्या आडव्या खिडकीतून रस्त्यावरचे बूट जाताना दिसत होते, काही ओले, काही घाईत. फोल्कमार उपड्या खोक्यावर बसला. बरणी त्याच्या हातात तशीच तिरकी राहिली होती आणि माश्या त्याच्या बाहीतून वर चढत होत्या. त्याला बसलेला धक्का त्या सात प्राण्यांचा नव्हता, ते परत येणार याचा तर नव्हताच. यशच नाही, असं ती म्हणाली होती, आणि तेही कुरकुरत नव्हे, उसासा टाकून नव्हे. आज गुरुवार आहे असं सांगावं तसं. अकरा वर्षांत तिनं ते मनाशी पक्कं केलं होतं आणि आता त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

ओलावा कधीच जास्त झालेला नव्हता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस या घटकेला बाहीतल्या माश्या काढत होता. गेरलिंडची अंडी मरत होती ती रक्तामुळे. सख्ख्या भावाबहिणींची पिल्लं, त्यांची पुन्हा आपापसांत पिल्लं, असं अकरा वर्षं तिच्याकडे चाललं होतं. आणि तिला ते ठाऊक नव्हतं, कारण वंशवहीत तिच्या नराचं रक्त परकं म्हणून नोंदलेलं होतं. आणि वही फोल्कमारनं लिहिलेली होती. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे आखलेल्या हाताची ती वही, एक खाडाखोड नाही, आकडे छापल्यासारखे. घोयरे पाळणाऱ्यांच्या मंडळातले लोक ती उघडून नुसती बघत बसायचे. वहीत जे आहे ते आहे, असं म्हणायची त्यांच्यात पद्धत होती, आणि ती पद्धत फोल्कमारनंच पाडली होती.

चौदा नंबर आला त्या साली जंगलातून प्राणी येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. युरोपभर जे काही उरलं होतं ते सगळं चार प्राण्यांपासून वाढलेलं, म्हणजे घरातल्या घरातच. अशा वेळी ब्रनोचा म्हातारा कोउबा वसंतातल्या बैठकीला आला, कोटाच्या आत, शर्टाच्याही आत, छातीशी एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत एक नर होता, वेगळ्या वाटेनं आलेला, या चारांशी काही संबंध नसलेला. हे लोक असला प्राणी विकत नाहीत. ज्याच्याकडे वयात आलेली मादी असेल त्याच्या हातात तो द्यायचा, सगळ्यांच्या देखत वहीत पुढचा नंबर शाईनं घालायचा, आणि मग जवापासून काढलेल्या दारूचा एकेक घोट. पुढचा नंबर चौदा होता. मादी फोल्कमारकडे होती. मंडळाचा अध्यक्ष ओटफ्रीड, वजनानं दोन माणसांएवढा आणि आवाजानं तीन, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "रक्त आलं रे बाबांनो. मास्तरांच्या घरी रक्त आलं." शिकवण्याची खोड असल्यामुळे फोल्कमारला सगळे मास्तर म्हणत. त्याच बैठकीत वंशवही कायमची त्याच्या ताब्यात दिली गेली. घरी येताना वुपरटालची ती वरच्या रुळाला टांगलेली गाडी नदीवरून डुलत चालली होती, तेव्हा त्याची बायको असलेल्या गेरलिंडनं मांडीवर पिशवी धरली होती आणि फोल्कमार तिला सांगत होता की पुढच्या दहा वर्षांचं सगळं या पिशवीत आहे.

नवा प्राणी आला की सहा आठवडे तो वेगळ्या खोलीत, वर्तमानपत्रावर, एका काठीवर एकटा ठेवायचा, हा पहिला नियम. फोल्कमार हा नियम नवशिक्यांना बोट नाचवून सांगत असे. स्वतः मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यानं चौदा नंबर मादीच्या पेटीत सोडला. का सोडला? आता बारा-तेरा वर्षांनंतरही त्याला याचं सरळ उत्तर देता येत नसे. घाई झाली होती. मिरवायची घाई, दुसरं काय. प्रवासानं दमलेला नर आणि तापट मादी. ती काळी पडून त्याच्यावर फुसफुसली, तो फांदीच्या टोकाला जाऊन बसला तो खाली आलाच नाही, ना पाण्याला ना माशीला. चौथ्या दिवशी सकाळी तो पेटीच्या तळाशी पडला होता, फिकट, सुकलेल्या शेंगेसारखा हलका. गेरलिंड चष्म्याच्या दुकानात कामाला गेलेली होती. फोल्कमारनं त्याला कागदी रुमालात गुंडाळलं आणि सासऱ्यांच्या बागेत, रेडकरंटच्या आंबट लाल फळांच्या झुडपाखाली पुरलं.

आणि मग तो परत येऊन पेट्यांसमोर उभा राहिला. तिसऱ्या पेटीत अकरा नंबर होता, घरातच जन्मलेला, त्याच मापाचा, तसाच हिरवट. फोल्कमारनं दोन पेट्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि बदलल्या. एवढंच. मिनिटभराचं काम. वहीत लिहिलं: अकरा, मृत. त्या वेळी त्याच्या मनात खोटेपणा करायचं असं काही नव्हतंच, कोउबाकडे दुसरा नर मागू, तो आला की हळूच सगळं जागच्या जागी लावू, असं त्यानं ठरवलं होतं आणि ते अगदी मनापासून ठरवलं होतं. थंडीत कोउबा वारला. त्याचे प्राणी कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी गेरलिंड घरी आली, वही बघितली, आणि अकरासाठी रडली. तिनं त्याला नखाएवढा असल्यापासून वाढवलं होतं. फोल्कमारनं तिला रुमाल दिला. पलीकडे अकरा नंबर चौदाची चिठ्ठी लावून माशी चघळत होता.

शुक्रवारी त्यानं सात पेट्या धुतल्या. गरम पाणी, व्हिनेगर, मग पुन्हा नुसतं पाणी. फवाऱ्याची नळी तपासली, कुंडीतली झाडं पुसून घेतली. हात चालू होते तसतसा त्याला हलकं वाटायला लागलं, आणि चौथ्या पेटीपाशी त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. तो थांबला. शीळ कशाची, हे त्याला लगेच कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली. प्राणी इथे आले की प्रश्नच मिटला. पुढे-मागे कुणी शहाणा, हल्ली विद्यापीठात तपासतात तसं, शेपटीचा कण घेऊन रक्त तपासू लागला असता. गेरलिंडकडचे सात आणि त्याचे नऊ शेजारी शेजारी ठेवले असते. आता ते होणार नाही. सात प्राणी हळूहळू म्हातारे होतील, मरतील, वहीत सात ओळी येतील. अकरा वर्षं जीव टांगणीला लागलेला होता तो आता सुटणार, आणि सोडवणार कोण तर तीच, आपल्या हाताला यश नाही म्हणून. तो स्पंज पिळत उभा राहिला. शीळ मात्र पुन्हा आली नाही.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा भांडण असं झालंच नव्हतं. एका रविवारी कपबशा आवरताना ती म्हणाली, "तू माझ्याशी बोलतोस तेव्हाही शिकवतोस, फोल्कमार. मी कंटाळले." आणि तो तिला समजावून सांगू लागला की तिचं हे म्हणणं नेमकं कुठे चुकतं. ती हसली होती तेव्हा. दोन महिन्यांनी तिनं रेमशाइडला घर बघितलं. वाटणीला ओटफ्रीड साक्षीदार म्हणून आला होता, अख्खा केक घेऊन, कुणाचं बारसं असल्यासारखा. भांडी, पुस्तकं, गाडी सगळं सरळ झालं. मग आली बाग. शहराबाहेरच्या बागांच्या ओळीतला तो तुकडा तिच्या वडिलांचा, रेडकरंटची झुडपं, दोन आंबट चेरी, वडिलांनी स्वतः ठोकलेली लाकडी खोली. फोल्कमारला वाटलं होतं ती बागेसाठी हट्ट धरील. ती म्हणाली, "बाग तू ठेव. मला चौदा नंबर दे. चौदा आणि आठव्या मादीच्या त्या दोन मुली."

आठव्या मादीच्या मुली म्हणजे अकराच्या सख्ख्या बहिणी. ओटफ्रीडनं तोंडातला केक गिळला आणि शीळ घातली. "बाई हुशार निघाली मास्तर. जमीन तुमच्या गळ्यात मारली आणि रक्त घेऊन चालली."

तेव्हा सांगता आलं असतं. दहा सेकंद होते, अगदी मोकळे. कॉफी होती, केक होता, ओटफ्रीडनं मोठ्यांदा हसून त्याची गोष्ट करून टाकली असती आणि वर्षभर सगळ्यांनी टिंगल केली असती, बस्स. पण त्या दहा सेकंदांत फोल्कमारला जे वाटलं ते आठवलं की आजही त्याचे कान तापत. त्याला राग आला होता. आपला सगळ्यांत चांगला नर ही बाई घेऊन चालली, असा राग. वही इतकी नीट लिहिली होती की लिहिणाऱ्याचाच तिच्यावर विश्वास बसला होता. तो मान खाली घालून, हिरमुसून, म्हणाला, "ठीक आहे. घे." आणि तिनं, त्याचा चेहरा बघून, टेबलावरून हात पुढे करून, "त्याची पिल्लं तुलाही देईन ना," असं म्हटलं.

पिल्लं फारशी झाली नाहीत. पहिल्या वर्षी दोन झाली, एकाची शेपटी वाकडी. मग अंडी आत सुकू लागली, मग अंडी भरू लागली आणि पिल्लं फुटायच्या आठवड्यात मरू लागली; वर्षाकाठी एखाददुसरंच जगायचं. प्रत्येक वेळी तिचा फोन. ती आधी इकडचं तिकडचं बोलायची, मग विचारायची, "काय चुकलं असेल रे?" आणि फोल्कमार सांगायचा. जास्त ओलं. कमी ओलं. अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं टिंब केलं होतंस ना, उचलताना फिरलं असणार. सुपातली वाफ खोलीत आली असणार. खोली उबदार पडते. हे शेवटचं तो कधीतरी सहज बोलून गेला होता आणि दीड वर्षानं ओटफ्रीडकडून त्याला कळलं की गेरलिंडनं झोपायच्या खोलीतला हीटर बंद केलाय, अंड्यांचे डबे तिथेच असतात म्हणून. तीन हिवाळे ती दोन स्वेटर घालून झोपतेय, आणि खोकला काही जात नाही. "तुझं ऐकते ती," ओटफ्रीड म्हणाला. "लग्नात ऐकलं असतं तर टिकलं असतं." फोल्कमार हसला होता. हसला होता, हे खरं. आणि खोली गरम कर असं सांगायला त्यानं फोन केला नव्हता, हेही खरं, कारण मग का, असं तिनं विचारलं असतं.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. तिच्या त्या फोनांची तो वाट बघायचा. संसारात कधी न ऐकलेला मऊपणा तिच्या आवाजात यायचा, तो त्याला गोड लागायचा. अंडी घातली असं कळलं की तो मनातल्या मनात दिवस मोजायचा, कधी मरतील आणि कधी ती विचारील. असा माणूस आपण आहोत हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर तो भांडला असता. पण तळघरात सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी तो बागेत गेला. काम काही नव्हतं, पण घरात बसवेना. शेजारच्या तुकड्यातला टोनिअस मोजपट्टी घेऊनच उभा होता. "काय हो ल्युटगेन, कुंपण पुन्हा सव्वा मीटरच्या वर गेलंय. सासरे होते तेव्हा एक पान वर दिसत नव्हतं."

"कापतो."

"दर वेळी म्हणता. तुमची बाई यायची तेव्हा बघण्यासारखी होती ही बाग. आता नुसता नियमभंग आहे."

फोल्कमारनं कातर आणली आणि कुंपण कापू लागला. रेडकरंटची फळं लागली होती, पक्षी अर्धी खाऊन गेले होते. या झुडपाखाली तो कागदी रुमाल कधीच मातीत गेला असणार, आणि हाडं तर ती केवढी, काडेपेटीच्या काडीएवढी. कापता कापता त्यानं ठरवलं की उद्या सांगायचं. ठरवलं, आणि त्याला आश्चर्य वाटलं की काही वाटलं नाही. मग त्यानं शब्द जुळवून बघितले. गेरलिंड, मला तुला काही सांगायचंय. हे तर नाटकातलं वाटत होतं. गेरलिंड, चौदा नंबर मेला होता. हे बरं होतं, सरळ होतं. ती काय करील? ओरडेल. वही फाडेल. मंडळाला कळवेल, ओटफ्रीड बैठकीत उभा राहून विचारील, मास्तर, हे खरं का? बाकावरची मधली जागा जाईल. जाऊ दे. तिच्या डोक्यातलं ते हाताच्या यशाचं तरी जाईल. एवढं एक तिला परत देता येईल, आणि आता तिला परत द्यायला आपल्याकडे दुसरं आहे तरी काय. कुंपण सव्वा मीटरच्याही खाली गेलं तेव्हा टोनिअसनं त्याला थांबवलं.

रविवारी बारा वाजता तो रेमशाइडला तिसऱ्या मजल्यावर पोचला. दार उघडून ती आधी खोकली आणि मग "ये" म्हणाली. केस बारीक कापलेले, सगळे पांढरे झालेले. सूप शेगडीवर होतं. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून पेट्या उभ्या होत्या, आणि त्याला त्या बघवल्या नाहीत, इतक्या त्या चांगल्या होत्या. काच पुसलेली, पानांवर धूळ नाही, प्रत्येक पेटीत तापमानाचा काटा, आणि खाली एका फळीवर वजनकाटा, ज्यावर ती अंड्यांखालच्या भुशीत घालायचं पाणी ग्रॅम ग्रॅम मोजत असे. त्याच्या स्वतःच्या तळघरात हे नव्हतं. तो अंदाजानं पाणी शिंपायचा, आणि त्याची अंडी फुटायची. टेबलावर सात कापडी पिशव्या घडी करून ठेवल्या होत्या, जुन्या उशीच्या अभ्र्यांच्या, प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं नंबर भरलेला.

"हे कशाला," तो म्हणाला. "डबे आणलेत मी."

"डब्यात गाडी हलली की घाबरतात. पिशवीत कापडाला धरून राहतात. बस. आधी जेव, मग भरू."

ती वाढू लागली. झोपायच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. जून महिना होता आणि खुर्चीवर दोन स्वेटर होते. फोल्कमारनं चमचा हातात घेतला आणि खाली ठेवला.

"गेरलिंड, चौदा नंबर मेला होता."

"हो ना. आता आठ वर्षं होतील."

"नाही. त्या आधी. आपल्याकडे. आणल्यापासून चौथ्या दिवशी." आणि त्यानं सांगितलं. काही सोडलं नाही. सहा आठवड्यांचा नियम, मादी, कागदी रुमाल, दोन चिठ्ठ्या, वहीतली ओळ. वाटणीच्या दिवशीचे ते दहा सेकंद. ओलावा, वाफ, पेन्सिलचं टिंब, उबदार खोली, सगळं बनवून सांगितलेलं. "तुझी अंडी तुझ्यामुळे मेली नाहीत. भाऊबहीण होती ती. कुणाच्याही हातात मेलीच असती. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आता हे बघितल्यावर तर," तो पेट्यांकडे हात करून म्हणाला.

गेरलिंड ऐकत होती. एकदा तिच्या कपाळावर आठी आली आणि गेली. मग तिनं हळूच मान हलवली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, यात शंका नव्हती.

"कधीपासून जुळवत होतास हे? गुरुवारपासून?"

"जुळवत नाहीये."

"अरे, फोनवर मी तसं बोलायला नको होतं. माझ्या मागाहून लक्षात आलं. तू तिकडे बसून विचार करत राहिला असशील, हिला आता काय सांगावं." ती उठली, कपाटातून वहीची प्रत घेऊन आली, आणि ते पान तिला शोधावं लागलं नाही. "हे बघ. अकरा, मृत. तारीख. तुझं अक्षर. तू आयुष्यात वहीत खोटं लिहिलं नाहीस. माझा वाढदिवस विसरायचास, पण वही नाही."

"हे लिहिलं ना. हेच खोटं आहे."

"त्या दिवशी मी रडले होते, फोल्कमार. तू मला रुमाल दिलास, माझ्याशेजारी बसलास. म्हणजे तो जिवंत समोर होता आणि तू मला रडू दिलंस? आणि मग बाबांची बाग त्याच्या बदल्यात घेतलीस? आणि मी या थंडीत झोपत होते ते तुला माहीत असताना?" ती थांबली. तिनं खरंच एकदा ते समोर मांडून बघितलं, हे त्याला दिसलं. मग तिनं वही मिटली. "तू वाईट आहेस. कुजकट आहेस, शहाणपणा शिकवतोस. पण इतका नाहीस. इतक्या वाईट माणसाबरोबर मी एकोणीस वर्षं राहिले नसते."

 याची तयारी फोल्कमारनं केली नव्हती. ओरडण्याची केली होती, रडण्याची केली होती, हाकलण्याची केली होती.

आणि तेव्हा त्याला आठवलं. चिठ्ठ्या बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांतलीच सकाळ. ती तळघरातून हाका मारत होती, वर ये ना, नव्हे, खाली ये, बघ तर खरं. आणि तो जिना उतरून गेला तर चौदाची चिठ्ठी लावलेल्या पेटीत तिचा हात होता, आणि नर फांदीवरून उतरून तिच्या बोटाच्या टोकावरची माशी घेत होता. ब्रनोचा असून किती लवकर माणसाळला, असं ती म्हणाली होती. अनोळखी नर आठवड्यात बोटावरून खात नाही. महिन्यात खात नाही. बोटावरून खायला अकरा शिकला होता, तिच्याच बोटावरून, नखाएवढा असल्यापासून. हे तिच्याइतकं कुणाला कळलं असतं? हे एक वाक्य तिला सांगितलं असतं तर तिचा हात वहीवरच थांबला असता, ती भिंतीकडे बघत राहिली असती, आणि मग सगळं तिला आपोआप दिसत गेलं असतं, एकामागून एक, स्वेटरांपर्यंत. तिला पटवायला आणखी काही लागलं नसतं. वाक्य तोंडात तयार होतं.

गेरलिंडनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात कोरडा होता, गार होता. "पण तू हे केलंस," ती म्हणाली, "स्वतःवर एवढं सगळं घेतलंस, मला बरं वाटावं म्हणून. मला माहीत नव्हतं तुला असं काही सुचतं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्याच्याकडे बघत होती, अशी की त्या बैठकीहून परतताना, मांडीवर पिशवी होती तेव्हाही तिनं बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. फोल्कमारला त्या नजरेची लाज वाटली, आणि ती हलू नये असंही वाटलं, आणि दुसरं वाटणं पहिल्यापेक्षा मोठं होतं. त्यानं तोंड मिटलं.

"माझ्या हाताचं काय ते मला कळून चुकलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याचं आता दुःख नाही रे. खरंच नाही. खा, निवतंय."

तो खाऊ लागला. मसूर मऊ शिजला होता, सॉसेजचे तुकडे सारखे कापलेले होते, व्हिनेगर नेमकं पडलं होतं. पेट्यांमधून एक नर त्याच्याकडे एका डोळ्यानं बघत होता, दुसरा डोळा खिडकीकडे होता. गेरलिंडनं आपली वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "आता प्राणी नाहीत म्हणजे फोनही नाहीत. तरी येत जाशील कधी रविवारी?"

"येईन," फोल्कमार म्हणाला, आणि रिकामी वाटी पुढे केली. "थोडं अजून वाढ."